भात सोडून सगळीकडे काजू लावावा का? आधी कापणीची तारीख ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात खाडीजवळ ४० गुंठे जमीन आहे. त्यातला २० गुंठे मळा (पाणी धरणारी भाताची जमीन), १२ गुंठे वरकस (उताराची, निचऱ्याची जमीन) आणि ८ गुंठे खार (खाडीकाठची खारट जमीन). घरात खाणारी माणसं सहा. पाऊस आता मे महिन्यातच येतो, ऑक्टोबरात जायचं नाव घेत नाही, पिकलेलं भात आडवं होतं आणि लोंबीतच रुजतं. मग भात सोडून सगळीकडे काजू लावावा आणि तांदूळ विकत आणावा का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. वर्षभराचं जेवण कुठून येणार हा एक, आणि जमिनीतून पैसा किती मिळणार हा दुसरा. काजू दुसऱ्याचं उत्तर आहे, पहिल्याचं नाही. म्हणून आधी जेवणाचा हिशोब करू.

माणशी रोज ३०० ग्रॅम तांदूळ धरला तर सहा माणसांना दिवसाला १ किलो ८०० ग्रॅम लागतो. वर्षाचे झाले साधारण ६६० किलो. सणवार, पाहुणे, गणपतीला मुंबईहून येणारी मंडळी धरून ७०० किलो समजा. भात भरडल्यावर तांदूळ ६५ टक्क्यांच्या आसपास निघतो, म्हणजे कणगीत ११ क्विंटल भात पडायला हवं. बऱ्या वर्षी तुमच्या मळ्यातून ८ क्विंटल, खारीतून २ क्विंटल आणि वरकसात हळवं (लवकर पिकणारं) भात लावलंत तर तिथून ३ क्विंटल मिळू शकतं. जेमतेम भागतं. वाईट वर्षी हेच निम्म्यावर येतं, आणि तुमची खरी चिंता ती आहे.

तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे सहा जणांचं वर्षाला ३६० किलो धान्य मिळतं. हा आधार मोठा आहे, पण वर्षाच्या गरजेच्या साधारण निम्मा. कार्ड केशरी असून प्राधान्य यादीत नाव नसेल तर तोही नाही. उरलेला तांदूळ बाजारातून आणायचा म्हटलं, तर तुमच्याकडे भात बुडतं त्या वर्षी इतर ठिकाणीही बऱ्याचदा बुडालेलं असतं आणि भाव नेमका तेव्हाच चढतो. २० जुलै २०२३ ला केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती देशातले भाव आवरण्यासाठीच. ज्याच्या कणगीत सहा महिन्यांचं भात आहे त्याला अशा वर्षी काजू बी पडेल भावात विकावी लागत नाही.

आता काजूचं. मळ्यात काजू लावू नका, झाड जगणार नाही. भाताच्या खाचरात तीन महिने पाणी उभं राहतं आणि काजूच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. खाचराचे बांध फोडून, चर काढून निचरा करता येतो, पण मग त्या जमिनीत पुन्हा भात घेणं जवळपास संपतं. शिवाय काजूला हवामानाचा त्रास नाही असंही नाही. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा राहिली की ढेकण्या हा रस शोषणारा किडा येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळी पावसाने मोहोर व बी दोन्हीला फटका बसतो. काजू वरकसावरच शोभतो. ७ बाय ७ मीटरवर १२ गुंठ्यांत २४-२५ झाडं बसतात. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं लावलीत तरी हातात बरं उत्पन्न यायला सहा-सात वर्षं जातील. म्हणून मी सगळा वरकस एकदम देणार नाही. ६ गुंठ्यांत काजू आणि ६ गुंठ्यांत नाचणी, असं सुरू करा.

भाताकडे वळू, कारण खरं काम तिथे आहे. कोकणात पाणी कमी पडलेलं नाही, बिघडलं आहे ते वेळापत्रक. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारी वाफ वाढते आहे आणि पाऊस थोड्या दिवसांत जास्त कोसळतो आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ किनाऱ्याला लागलंही नाही, तरी त्याच्या पावसाने कापणीला आलेलं भात गेलं. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, २०२१ मध्ये मेच्या मध्यावर तौक्ते आलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड बुडालं. आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेला तळकोकणात उतरला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत होता, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. धूळवाफेवर पेरणी करणाऱ्यांना जमीन कोरडी मिळालीच नाही.

अशा वर्षी सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पाऊस लवकर आला म्हणून हळवं भात लवकर पेरणं. हिशोब करून बघा. ११५ दिवसांचं हळवं भात २५ मेला पेरलंत तर ते १७ सप्टेंबरला पिकतं. त्या वेळी कोकणात भरपूर पाऊस असतो. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, तीही हल्ली पाळली जात नाही. म्हणून पेरणीच्या तारखेवरून कापणी काढू नका. कापणीच्या तारखेवरून पेरणी काढा. १३० दिवसांचं निमगरवं १० जूनला पेरलं तर १८ ऑक्टोबरला तयार होतं. १४५ दिवसांचं गरवं ५ जूनला पेरलं तर २८ ऑक्टोबरला. ११५ दिवसांचं हळवं घ्यायचंच असेल तर २० जूनला पेरा, म्हणजे १३ ऑक्टोबरपर्यंत जातं.

मग सगळंच गरवं का लावू नये? कारण पाऊस उलटही वागतो. सप्टेंबरच्या मध्यावर तो तुटला तर गरवं भात नेमकं पोटरीत (लोंबी बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात असतं आणि तेव्हा पाणी नसलं की दाणे पोचट राहतात. पाणी ऑक्टोबरपर्यंत कुठल्या खाचरात टिकतं यावर हे सगळं अवलंबून आहे, आणि ते तुम्हालाच माहीत असणार. माझा सल्ला असा: मळ्यातल्या २० गुंठ्यांपैकी खालच्या, ओल धरणाऱ्या १२ गुंठ्यांत गरवं, म्हणजे रत्नागिरी-२ किंवा रत्नागिरी-३. वरच्या ८ गुंठ्यांत निमगरवं, म्हणजे पालघर-१ किंवा कर्जत-५. दोन मुदती ठेवल्या की एकाच आठवड्याचा पाऊस दोन्ही पिकं घेऊन जात नाही. फुलोराही वेगळा पडतो, त्यामुळे भर फुलोऱ्यात झड लागली तरी पळंज (दाणे पोकळ राहणं) सगळीकडे होत नाही. घरात जुनं उंच गरवं बियाणं असेल तर एक-दोन गुंठ्यांवर ते जिवंत ठेवा. यातल्या बऱ्याच जाती दिवस लहान होऊ लागले की फुलतात, मग पेरणी आठ-पंधरा दिवस पुढे-मागे झाली तरी कापणी फारशी सरकत नाही. त्यांची अडचण एवढीच की खत जास्त झालं की त्या लोळतात.

मळ्यात पुराचं पाणी येऊन रोप पूर्ण बुडत असेल आणि आठवडाभर बुडालेलंच राहत असेल, तर स्वर्णा सब-१ हा विचार करण्यासारखा वाण आहे. रोप वाढीच्या काळात ते साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. पण पाणी दोन दिवसांत उतरत असेल तर त्याची गरज नाही, आणि लोंब्या बाहेर पडल्यावर बुडालं तर तो गुण कामाला येत नाही.

रोपवाटिकेत थोडी जास्त मेहनत करा, कारण बिघडलेल्या पावसाचा पहिला मार तिथे बसतो. २० गुंठ्यांना २ गुंठे रोप पुरतं, तुम्ही अडीच गुंठे टाका. सपाट जागी टाकू नका. एक ते सव्वा मीटर रुंदीचे, १० ते १५ सेंटीमीटर उंचीचे गादीवाफे करा आणि मधे चर ठेवा. एकदम १०० मिलिमीटर पाऊस झाला तरी बी वाहून जात नाही आणि कुजत नाही. गुंठ्याला २५० किलो शेणखत द्या. बी आधी मिठाच्या पाण्यात टाका: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगेल ते काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मग किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. हे करपा रोग पूर्ण थांबवत नाही, पण पोचट आणि रोगट बियाण्यावर जाणारी मेहनत वाचते. जुलैत पावसाने उघडीप दिली आणि लावणी लांबली तर रोप जून होतं. ४० दिवसांपलीकडच्या रोपाला फुटवे कमी येतात. तेव्हा एका चुडात (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडीत) दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या घ्या आणि अंतर १५ बाय १५ सेंटीमीटरवर आणा.

खताबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. वरून फेकलेला युरिया आपल्या पावसात टिकत नाही. एक मोठी सर आली की तो ओढ्यात जातो, मग पीक पिवळं दिसतं, माणूस पुन्हा युरिया टाकतो, तो नेमका उशिरा लागू पडतो, पात हिरवीगार आणि मऊ होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वाऱ्याला भात झोपतं. तुमचं भात आडवं पडतं त्यात पावसाइतकाच हात या उशिराच्या युरियाचा असू शकतो. चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीतली युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, हा यावरचा चांगला उपाय आहे. दोरी धरून चूड १५ आणि २५ सेंटीमीटर असे आलटून-पालटून लावायचे, दोन्ही दिशांना. जवळच्या चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल चिखलात दाबायची. लावणीच्या दिवशीच हे उरकावं, कारण तेव्हा चिखल मऊ असतो. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम. तुमच्या मळ्याला ३४ किलो पुरतात. नत्र खाली चिखलात अडकतं, हळूहळू मुळांना मिळतं आणि नंतर वरून काही द्यावं लागत नाही. गोळी वरवर ठेवली तर ती विरघळून पाण्याबरोबर निघून जाते आणि सगळी मेहनत फुकट जाते. माणसं लावणीला घेतली असतील तर हे एकच काम स्वतः उभं राहून बघा.

लावणीला माणूसच मिळत नसेल तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राइस तंत्र बघा. त्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. कायमच्या गादीवाफ्यावर २५ बाय २५ सेंटीमीटरवर बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. पाणथळ खाचराला ते तितकं जमत नाही आणि तणाचा बंदोबस्त पहिल्या महिन्यात चोख लागतो. तुमच्या वरच्या ८ गुंठ्यांत करून बघण्यासारखं आहे.

खारीच्या ८ गुंठ्यांचा विचार वेगळा. तिथे पिकाआधी बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार). एप्रिलमध्ये बांधावरून चालत जाऊन खेकड्यांची बिळं, खचलेली जागा बघा आणि चिकणमाती कुटून भरा. उघाडीची झडप भरतीला घट्ट बसते आणि ओहोटीला मोकळी उघडते ना, हे मोठ्या उधाणाच्या दिवशी तपासा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की बांधाला खांडी (भगदाडं) पडतात. समुद्र चढतो आहे तसं हे जास्त वेळा होणार. बांध सामाईक असेल तर एकट्याने आपला तुकडा बांधून उपयोग नाही, शेजाऱ्यांबरोबर बसावं लागेल. जुन्या खारभूमी योजनेतला बांध असेल तर खारभूमी विभागाकडे गावाच्या वतीने लेखी मागणी द्या.

भाताला मीठ सगळ्यात जास्त झोंबतं ते कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात. मधल्या फुटव्याच्या काळात ते बरंच सोसतं. म्हणून पहिल्या पावसाला लावणीची घाई करू नका. खाचरात १०-१५ सेंटीमीटर पाणी साठवा, एक-दोन दिवस मुरू द्या, ओहोटीला उघाडीतून सोडा. असं तीन-चार वेळा झालं की मीठ बरंचसं धुऊन जातं. माती जिभेवर ठेवून अंदाज घेण्यापेक्षा मृद परीक्षण केंद्रात क्षारता मोजून घ्या. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या जातींचं उत्पन्न दर युनिटला सुमारे १२ टक्क्यांनी घसरतं. लावायला पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ घ्या. ३०-३५ दिवसांचं, जरा उंच रोप लावा आणि खाचर कोरडं पडू देऊ नका, कारण उघडीप पडली की खालचं मीठ ओलीबरोबर वर येतं. जिप्सम टाका असा सल्ला मिळेल. समुद्राच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीला आधी गोड्या पाण्याने धुणं लागतं. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन असल्याचं परीक्षणात दिसलं तरच जिप्समवर पैसे घाला.

वरकसावरच्या ६ गुंठ्यांत नाचणी घ्या. उतारावर, निचऱ्याच्या जागी दापोली-१ किंवा घरचं बियाणं. लावणी जुलैत, २१ ते २५ दिवसांच्या रोपाची. उत्पन्न भातापेक्षा कमीच येईल, पाऊण क्विंटलच्या आसपास धरा. पण नाचणी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली तरी वरकसावर भातापेक्षा जास्त तग धरते. ज्या वर्षी भात कमी पडेल त्या वर्षी एक वेळची भाकरी-आंबील यातून निघते. मळा रिकामा झाला की ओलीवर लगेच कुळीथ किंवा कडवे वाल टाका. इथे गरव्या भाताची एक अडचण येते: कापणी नोव्हेंबरात गेली तर ओल सुटते आणि कुळीथ उगवत नाही. म्हणून निमगरव्याची ८ गुंठे जागा कडधान्यासाठी धरा. पिठी, उसळ, मोडाचं सार हे घरचं झालं की पावसाळ्यातल्या मासेबंदीच्या दोन महिन्यांत ताटात प्रथिनं राहतात. मे महिन्यातच पाऊस आला तर सुकट-बोंबील नीट वाळत नाहीत, त्यामुळे हल्ली कडधान्याचा हा साठा आधीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

आता कापणी, जिथे तुमचं नुकसान होतं आहे. लोंबीतले ८५ ते ९० टक्के दाणे सोनेरी झाले की कापा. शेवटचे हिरवे दाणे पिकायची वाट बघत आठ दिवस थांबणं हल्ली परवडत नाही. कापणीआधी आठ-दहा दिवस खाचरातलं पाणी काढा. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून आपल्या जिल्ह्याचाही निघतो. तीन कोरडे दिवस दिसले की त्याच दिवशी सुरू करा, आणि झोडून-वाळवून होईल एवढंच कापा. आपल्याकडे कापलेलं भात शेतात पसरून दोन दिवस वाळवायची पद्धत आहे. ऑक्टोबर कोरडा असायचा तेव्हा ती बरोबर होती. आता सकाळी कापलेलं संध्याकाळपर्यंत झोडून दाणा घरात आणा, पेंढा मागून वाळू द्या. त्यासाठी पायाने चालवायचं मळणी यंत्र चार घरांत मिळून एक घेतलंत तरी पुरतं.

भात आडवं पडलं आणि पाऊस चालूच असला तर चार-चार चूड एकत्र बांधून उभे करा, लोंब्या पाण्याबाहेर ठेवा आणि चर काढून पाणी सोडा. उभ्या किंवा कापलेल्या भातावर १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मीठ विरघळवून फवारलं तर कोंब फुटणं काही दिवस लांबतं. बियाण्यासाठी ठेवायच्या भातावर मात्र हे मारू नका. झोडलेला ओला दाणा गोणीत भरून ठेवणं ही दुसरी मोठी चूक. एका रात्रीत तो आतून तापतो, पिवळा पडतो, आंबूस वास येतो. पडवीत किंवा माळ्यावर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरा, तासातासाने परता, पंखा लावा. ऊन दिसतच नसेल तर भात त्याच दिवशी उकडा. उकड्या तांदळाची रीत तळकोकणात आहेच. उकडलं की दाणा रुजत नाही, भरडताना तुटतोही कमी. नंतर वाळवावं लागतंच, पण बरंचसं भात हाताशी राहतं.

कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २२ टक्के ओल असते. साठवायला ती १३-१४ वर आणा, बियाण्याला १२ वर. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन द्या. भात भातच ठेवा, सगळं एकदम भरडू नका. टरफलात दाणा जास्त टिकतो. दरवर्षी तीन महिन्यांचं, म्हणजे पावणेतीन क्विंटल भात पुढच्या वर्षासाठी राखायचं आणि जुनं आधी खायचं. कणगी ओट्यावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पुराची जागा असेल तर माळ्यावर. पहिली दोन वर्षं ही राखण पूर्ण होणार नाही. तेव्हा रेशनचं धान्य आधी वापरा आणि घरचं भात मागे ठेवा.

यातलं आत्ता लगेच करण्यासारखं काम म्हणजे प्रत्येक खाचरातलं पाणी कोणत्या तारखेला आटतं ते यंदा लिहून ठेवणं. त्या तारखा, उघाडी नीट बसते की नाही आणि खारीच्या मातीची क्षारता इथे कळवलीत तर कुठल्या खाचरात कुठली मुदत, हे आणखी नेमकं सांगता येईल.